कबुली कोणापाशी?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे टेबलाचे खण रिकामे करण्याचा एक कार्यक्रम असतो. वर्षभर घरात ज्या वस्तूंना कोठेच जागा मिळत नाही त्या सगळ्या त्या खणांत येऊन राहिलेल्या असतात. कुलूप हरवलेल्या किल्ल्या, मुदत संपलेले रेल्वेचे पास, बंद पडलेली घड्याळे. यंदा त्यांत एक पिवळे रबरी कडे निघाले. रंग विटलेला, रबर चिकट झालेले. सौभाग्यवती ते केराच्या टोपलीत टाकणार होत्या. मी ते त्यांच्या हातून घेतले आणि पुन्हा खणात ठेवले. "हे कशाला हवंय आता?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर येथे देण्याचा माझा प्रयत्न आहे. थोडे लांबले तर वाचकांनी फराळाचे ताट जवळ ओढून घ्यावे.

हे कडे माझ्या पुतण्याचे. २००५ च्या सुमारास अशी कडी डोंबिवली स्टेशनबाहेरच्या पथाऱ्यांवर मिळत आणि शाळकरी मुलांच्या मनगटांवर दिसत. बहुतेक नकली असत, हे सांगायला नको. अस्सल कडी २००४ साली अमेरिकेत निघाली. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूने कर्करोग्यांसाठी काढलेल्या संस्थेच्या मदतीसाठी ती एका डॉलरला विकत, आणि पुढे त्यांचा खप आठ कोटींच्या वर गेला.

आपल्याकडे सायकल म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो दूधवाला, नाहीतर स्टेशनजवळचा सायकलींचा तळ. फ्रान्समध्ये मात्र दर उन्हाळ्यात तीन आठवडे, सुमारे ३,५०० किलोमीटर, आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांचे घाट चढत उतरत एक शर्यत चालते. तिच्यात आघाडीवर असलेल्याच्या अंगात पिवळा सदरा असतो. १९९६ साली, पंचविशीतच, आर्मस्ट्राँगला कर्करोग झाला. तो फुप्फुसांत आणि मेंदूत पसरला होता. त्यातून हा माणूस उठला आणि १९९९ पासून २००५ पर्यंत लागोपाठ सात वेळा ती शर्यत त्याने जिंकली. कोणाही माणसाला खरी वाटावी असे ज्याच्या मनात येईल अशीच ही कथा होती. माझा पुतण्या तेव्हा तेरा वर्षांचा. रविवारी पहाटे उठून तो सायकलीने मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जाई, आणि परत आला की दारात उभा राहून दोन्ही हात वर करी.

आणि आमच्याच मजल्यावरचा दुसरा एक मुलगा तेव्हा परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेत होता. त्याच्याही मनगटावर तेच कडे होते. त्याची आई त्याला घेऊन सकाळच्या गाडीने जाई, आणि संध्याकाळी परतताना गर्दीत त्याला कोणी धक्का मारू नये म्हणून त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून उभी राही. हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता त्या सकाळीकडे येतो. १८ जानेवारी २०१३, शुक्रवार. अमेरिकेत आदल्या दिवसाची रात्र होती आणि ओप्रा विन्फ्री या बाईंच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात आर्मस्ट्राँग समोर बसला होता. पुतण्याने संगणकावर ते लावले होते. त्याच्या आधी तीन महिने, ऑक्टोबर २०१२ मध्ये, अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २६ जणांच्या साक्षींसह त्याच्या विरुद्धचा सगळा पुरावा जाहीर केला होता आणि सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली होती. म्हणजे गुन्हा सिद्ध झालाच होता. उरली होती ती कबुली. बाईंनी सुरुवातीलाच 'होय किंवा नाही एवढेच सांगा' असे बजावून प्रश्न टाकले. रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे औषध घेतले होते काय? होय. स्वतःचेच रक्त काढून, साठवून, शर्यतीच्या वेळी पुन्हा अंगात भरले होते काय? होय. सातही शर्यतींत? होय. एखादा आरोपी वकिलापुढे बसावा तसा तो बोलत होता, पण खोली मात्र दिवाणखान्यासारखी सजविलेली होती, आणि हे दोन्ही एकत्र पाहताना कसेसेच होत होते.

पुतण्याने कडे काढले आणि भिंतीवर भिरकावले. एकवीस वर्षांच्या मुलाचा राग. त्याला दुसरा आकार कोठून येणार? आई तेव्हा नव्वदीला टेकली होती. तिला इंग्रजी कळत नव्हते. "कोण आहे रे तो? काय झालंय त्याला?" असे तिने विचारले. मी दोन वाक्यांत सांगितले, की औषधे घेऊन शर्यती जिंकला, आणि आता कबूल करतो आहे. तिने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "मग ह्याच्यापायी ज्यांचं वाटोळं झालं, त्यांना सांगितलं का ह्यानं?"

तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. पुढच्या दोन-चार दिवसांत माझ्या कानांवर जे आले त्यात तो प्रश्न कोणीही विचारला नाही, म्हणून तो अधिक लक्षात राहिला.

ठाण्याला मासुंद्याच्या काठी आमचे काही निवृत्तांचे संध्याकाळचे बसणे असे. त्यात एक वकील मित्र होता. तो म्हणाला, "कबुलीची वेळ बघ. सगळे पुरस्कर्ते सोडून गेले, तहहयात बंदी आली, तेव्हा ह्याला सत्य आठवलं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते; पुन्हा स्पर्धांत उतरण्याची आपली इच्छा आर्मस्ट्राँगने त्या मुलाखतीत स्वतःच बोलून दाखविली होती. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "सगळेच घेत होते. हा सापडला." तिसरे म्हणाले, "निदान कबूल तरी केलं. आपल्याकडचा एखादा पुढारी करील काय?" अशा प्रत्येक चर्चेत आपले पुढारी कोठून तरी येतातच आणि मग मूळ विषय तेथेच संपतो. परतीच्या गाडीतही तेच. कोणी त्याला माफ करून टाकले, कोणी अजिबात नाही. मुंब्रा गेले, दिवा गेले. डोंबिवली येईपर्यंत निकाल लागलेला होता.

मला त्यातील एकच गोष्ट चमत्कारिक वाटली, आणि ती मी स्वतःलाही वगळून म्हणत नाही. क्षमा करणारे आणि न करणारे, दोघेही आपल्याला तसा अधिकार आहे असे गृहीत धरून बोलत होते. तो कोणी दिला?

आमचे काय गेले होते? विश्वास गेला, असे आपण म्हणतो. पण हा विश्वास आपण त्याला विकत दिला नव्हता आणि त्याने तो मागितलाही नव्हता. एका कथेवर आपण खूश झालो होतो. ती खोटी निघाली याचा आपल्याला राग आला. हा राग खरा आहे, पण त्यात फसवणुकीपेक्षा आपण फसलो याची लाजच अधिक असते. ज्याचे खरोखर काही गेले तो मनुष्य निराळा असतो. त्याला नाव असते, घर असते.

ही नावे येथे सांगितली पाहिजेत. क्रिस्तोफ बासों नावाचा फ्रेंच सायकलपटू १९९९ च्या शर्यतीत उत्तेजकांविरुद्ध उघड लिहीत असे. आर्मस्ट्राँगने त्याला धावत्या शर्यतीत गाठून घरी जाण्यास सुनावले, सहकाऱ्यांनी वाळीत टाकले, आणि तो शर्यत अर्धी टाकून गेला. फिलिप्पो सिमेओनी या इटालियनाने एका डॉक्टराविरुद्ध साक्ष दिली होती. २००४ साली तो एका टप्प्यात पुढे निसटला तेव्हा पिवळ्या सदऱ्यातला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला आणि त्याला मागे यायला लावून परतताना ओठांवरून बोट फिरवून दाखविले. गप्प राहा, असा त्याचा अर्थ. बेट्सी अँड्र्यू ही त्याच्या एका सहकाऱ्याची पत्नी. १९९६ साली रुग्णालयाच्या खोलीत त्याने डॉक्टरांपुढे औषधांची कबुली दिली ती आपण ऐकली, अशी तिने शपथेवर साक्ष दिली, आणि पुढे वर्षानुवर्षे तो तिला वेडी ठरवीत राहिला. एमा ओ'रायली ही त्याच्या संघात मालिश करणारी आयरिश बाई. १९९९ साली एका चाचणीतून सुटण्यासाठी मागल्या तारखेची औषधचिठ्ठी तयार करण्यात आली, हे तिने उघड केले; त्याबद्दल तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्यात आले आणि तिच्यावर फिर्याद झाली.

मुलाखतीत बाईंनी हिच्याबद्दल विचारले, की तुम्ही हिच्यावर दावा लावला होता ना? तेव्हा तो जे बोलला त्याचा आशय असा, की आम्ही इतक्या लोकांवर दावे लावले, की खरे सांगायचे तर आठवत नाही, लावला असेल. मला त्या संपूर्ण मुलाखतीतील हे सर्वांत भयंकर वाक्य वाटते. सात शर्यतींतील औषधे त्याला नावानिशी आठवत होती. जिला त्याने कोर्टात खेचले ती बाई आठवत नव्हती.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. 'फसविणे' या शब्दाचा अर्थ आपण कोशात पाहिला, म्हणाला. प्रतिस्पर्ध्याला नसलेला लाभ मिळविणे, असा तो अर्थ होता. आणि सगळेच घेत असल्यामुळे आपण फसवीत आहोत असे आपल्याला वाटलेच नाही. कोशात अर्थ शोधायला जाणारा माणूस अर्थ शोधत नसतो. सुटका शोधत असतो. हे मी अनुभवाने सांगतो, आणि तो अनुभव पुढे येईलच.

जाहीर कबुलीलाच माझा विरोध आहे, असे मात्र कोणी समजू नये. खोटे जर जाहीर बोलले असेल तर ते जाहीरपणेच परत घ्यावे लागते. आपले जुने लोक हे जाणत होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड प्रायश्चित्तांविषयी आहे. पापापासून सुटण्याच्या साधनांत धर्मशास्त्रकारांनी 'ख्यापन' हे एक सांगितले आहे : आपले कृत्य आपल्या तोंडाने लोकांना सांगणे. ब्रह्महत्या करणाऱ्याने तर बारा वर्षे वनात राहून, कवटी जवळ बाळगून, आपले पाप सांगत दारोदार भिक्षा मागावी असे विधान आहे. त्यातील जातिभेदाचे तराजू आज आपल्याला मान्य होणार नाहीत, होऊही नयेत. परंतु एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तेथे सांगण्याबरोबर पश्चात्ताप आहे, तप आहे, दान आहे. नुसते सांगणे हे प्रायश्चित्त नाही. आणि भिक्षेकऱ्याच्या तोंडावर दार लावून घेण्याची मोकळीक प्रत्येक घराला होती. प्रकाशझोतात बसून सांगणाऱ्यासमोर असे कोणतेच दार नसते.

म्हणजे देणी दोन आहेत. एक सत्याचे, ते सर्वांचे असते, आणि ते चव्हाट्यावर फेडता येते. दुसरे माणसाचे; ते त्याच्या उंबऱ्यावर जाऊनच फेडावे लागते. पहिले फिटले की दुसरे फिटल्याचा भास होतो, सांगणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यांनाही, आणि या भासात ऐकणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. आपण टाळ्या वाजविल्या नाहीत तर तो भास टिकणार नाही.

गांधीजींच्या आत्मकथेतील चोरीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा त्यांनी काढला, पंचवीस रुपयांचे कर्ज फेडायला. मग चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. तिच्यात शिक्षा मागितली होती. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. आपण ही गोष्ट मुलांना सांगतो ती खरे बोलण्याची म्हणून. मला अलीकडे तिच्यातील जागा महत्त्वाची वाटते : पलंगाजवळची, समोरासमोरची. साऱ्या जगाने ती नंतर वाचली. त्या दिवशी वाचणारा एकच होता, आणि चिठ्ठी फाडावी की ठेवावी हे त्याच्या हाती होते.

याच्या आधीची एक कबुली क्रिकेटवेड्या घरांना आठवत असेल. जून २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हान्सी क्रोनिए चौकशी आयोगापुढे केप टाउनला उभा राहिला. त्यातील एक प्रकरण आपल्या नागपूरचे. १९ मार्च २००० च्या सामन्यापूर्वी त्याने हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स या दोघांना प्रत्येकी १५,००० डॉलर देऊ केले होते. गिब्जने वीसच्या आत बाद व्हावे, विल्यम्सने धावा द्याव्यात. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा काढल्या आणि विल्यम्सचा खांदा दुखावल्यामुळे त्याला दोन षटकेही पुरी टाकता आली नाहीत. तरी दोघांना सहा महिन्यांची बंदी झाली. क्रोनिएबद्दल लोक हळहळले, आणि २००२ साली तो विमान अपघातात गेल्यावर तर फारच. ते स्वाभाविकही आहे. पण कर्णधाराने त्या दोघांनाच का निवडले? ज्या समाजांना त्या संघाचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते त्या समाजांतले ते दोघे. नाही म्हणणे ज्यांना सर्वांत अवघड जावे असे. हळहळणाऱ्यांपैकी विल्यम्सचे नाव आज कितीजणांना आठवते?

आणि कबुलीच नसेल तर? २०१६ सालचे नरसिंग यादवचे प्रकरण आपल्या अगदी जवळचे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या चाचणीत उत्तेजक सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवले, असे त्याचे म्हणणे होते आणि ते देशातल्या संस्थेने मानलेही. क्रीडा लवादाने ते मानले नाही आणि १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलो गटातली आपली जागा रिकामी राहिली. आमच्या डब्यात तेव्हाही निकाल लागले, दोन्ही बाजूंनी, तितक्याच खात्रीने. मला त्या वेळी प्रथम जाणवले, की आपल्याला कबुली हवी असते ती पुष्कळदा सत्यासाठी नव्हे. आपले मत एकदाचे ठरून जावे म्हणून. फ्रान्सच्या त्या शर्यतीच्या यादीतही १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे आता कोणाचेच नाव नाही. दुसऱ्या क्रमांकाच्यांना ती विजेतेपदे दिली गेली नाहीत. रिकाम्या जागेकडे पाहत राहणे माणसाला जड जाते, म्हणून तो ती मतांनी भरतो.

आमच्या इमारतीत एक कच्छी जैन शेजारी होते. संवत्सरीच्या दिवशी ते प्रत्येक दारी जाऊन हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम' म्हणत. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. आता तोच संदेश फोनवर येतो, फुलांच्या चित्रासह, एकाच वेळी दोनशे जणांना. त्यांच्याच मुलाकडून येतो, आणि मुलगा सज्जन आहे, त्याला मी नावे ठेवीत नाही. पण एका वर्षीची गोष्ट मला आठवते. पाण्याच्या पंपावरून त्यांचे आणि माझे कडाक्याचे भांडण झाले होते. त्या वर्षी ते सर्वांत आधी माझ्या दारी आले. "मास्तर, पंपाच्या दिवशी मी तुम्हाला खोटारडे म्हणालो. ते चुकलं," असे म्हणाले आणि मग ते शब्द उच्चारले. पंपाचे नाव घेतले नसते तर मी नुसता हसून नमस्कार केला असता. त्या दिवशी मला त्यांना आत बोलवावे लागले.

हे मला इतके नीट समजते याचे कारण मी त्याच्या उलट वागलो आहे. आता तेही सांगितले पाहिजे.

मी जन्मभर एका शाळेत शिकविले. १९८७ साली दहावीच्या तोंडी परीक्षेच्या गुणांची यादी शाळेतून हरवली. कच्च्या टिपणांवरून ती पुन्हा तयार झाली, मुलांचे नुकसान झाले नाही. पण कागद कार्यालयातून गेला म्हणजे जबाबदारी कारकुनांची. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणत असू. त्यांना लेखी जाब विचारण्यात आला आणि त्यांची वेतनवाढ दोन वर्षे रोखण्यात आली. चार महिन्यांनी ती यादी मला माझ्याच घरी, नकाशांच्या पुस्तकात सापडली. तपासायच्या उत्तरपत्रिकांबरोबर मीच ती पिशवीतून आणली होती. मी ती बंबात घातली. पाणी तापले, मी आंघोळ केली आणि शाळेत गेलो.

भाऊसाहेब पुढे निवृत्त झाले आणि २००२ साली वारले. २००४ साली माझा निरोपसमारंभ झाला. भाषणाच्या ओघात मी ही हकीकत सांगितली. सांगावीशी वाटत होती, मन मोकळे करावे असे खरेच वाटत होते. पण सांगताना तिची गंमत झाली. विसराळू मास्तर, नकाशांचे पुस्तक, बंब. सभागृह हसले. एका वक्त्याने माझ्या प्रांजळपणाची स्तुती केली. टाळ्या पडल्या आणि मला, लाज वाटते सांगायला, हलके वाटले. आर्मस्ट्राँगला कोशात जो शब्द सापडला तसाच मला एक सापडला होता : विसराळूपणा. यादी नेणे हा विसराळूपणा होता. ती जाळणे हा नव्हता.

तिसऱ्या रांगेत भाऊसाहेबांची मुलगी बसली होती. ती तेव्हा आमच्याच शाळेत शिकवीत होती. ती टाळ्या वाजवीत नव्हती. मला द्यायच्या भेटवस्तूवरची फीत ती पुन्हापुन्हा सारखी करीत होती, आणि थोड्या वेळाने तीच ती वस्तू घेऊन व्यासपीठावर आली. मी "थँक यू बाळ" म्हणालो.

ही गोष्ट नऊ वर्षे माझ्या मनात नुसती पडून होती. आईच्या त्या प्रश्नाने ती वर आली.

मुलाखतीच्या दुसऱ्या रात्री आर्मस्ट्राँग एकदाच ढासळला. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा बापाची बाजू घेऊन इतरांशी वाद घालीत असे. त्याला समोर बसवून आपण सगळे सांगितले आणि यापुढे माझी बाजू घेऊ नकोस असे सांगितले, हे बोलताना त्याचा आवाज गेला. पुष्कळांना ते नाटक वाटले. मला तसे वाटले नाही. त्या वेळी तो आपल्याशी बोलतच नव्हता. एका विशिष्ट मुलाशी आधी बोलून झालेले तो आठवत होता. त्याच वर्षाच्या शेवटी तो एमा ओ'रायलीला प्रत्यक्ष जाऊन भेटला, बासों आणि सिमेओनी यांनाही भेटला. एमाची भेट एका वृत्तपत्राच्या मध्यस्थीने झाली, हे खरे. एमाने त्याला क्षमा केली, आणि २०१४ साली निघालेल्या तिच्या पुस्तकाला त्याची प्रस्तावना आहे. बेट्सी अँड्र्यूचे मुलाखतीने समाधान झाले नाही. रुग्णालयातील त्या प्रसंगाविषयी त्याने तेथेही बोलायचे टाळले होते. दोघींनी जे केले ते मला सारखेच योग्य वाटते, कारण ते करायचा अधिकार त्यांचा होता.

आमच्या मजल्यावरचा तो मुलगा बरा झाला होता आणि ठाण्यात नोकरीला लागला होता. त्याच्या मनगटावरचे कडे मात्र तसेच होते. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी भीतभीतच विषय काढला. तो हसला. "काका, रक्त वाढवायचं ते इंजेक्शन मलाही देत होते, केमोच्या वेळी. मी तर अजून तीन मजले चढलो की धापा टाकतो!" मग म्हणाला, "त्यानं काय घेतलं ते त्याचं. माझी केमो मी घेतली." त्याचे खरोखरच काही गेले नव्हते, म्हणून तो रागावला नव्हता. पुतण्याने फेकलेले कडे मी उचलून ठेवले ते त्याच संध्याकाळी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी कल्याणला, पारनाक्याजवळ भाऊसाहेबांच्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी सरळ सांगितले. गंमत न करता सांगायला फार थोडे शब्द लागतात. त्या म्हणाल्या, "मुलीनं सांगितलं होतं मला, समारंभाच्या रात्रीच." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, यादी सरांच्या पिशवीतून गेली असणार. विसरले असतील, आठवलं की सांगतील." १९८७ पासून २००२ पर्यंत आम्ही दोघे रोज नाही तरी आठवड्यातून एकदा स्टेशनवर भेटत होतो.

वहिनींनी चहा केला. क्षमा हा शब्द मी उच्चारला नाही आणि त्यांनीही नाही. निघताना गाडी कितीची आहे एवढे त्यांनी विचारले.

आता हे मी छापून आणतो आहे, म्हणजे पुन्हा सभागृहच झाले, याची मला जाणीव आहे. म्हणून लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वी भाऊसाहेबांच्या मुलीकडे नेला. वहिनी आता नाहीत. तिने तो शांतपणे वाचला, छापायला हरकत नाही म्हणाली आणि एका ठिकाणी पेन्सिलीने दुरुस्ती केली. वेतनवाढ एक वर्ष रोखण्यात आली, असे मी लिहिले होते. तिने 'एक' खोडून 'दोन' केले.